मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग : दोन्ही उपचार एकत्र का चालावेत

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले की घरातील सर्वांचे लक्ष त्या एका शब्दावर खिळून राहते. शस्त्रक्रिया कधी, केमोथेरपी किती वेळा, खर्च किती, सोबत कोण राहणार, याच प्रश्नांभोवती दिवस फिरू लागतात. या धावपळीत वर्षानुवर्षे नियमाने चाललेली मधुमेहाची औषधे मागे पडतात. ग्लुकोमीटर कपाटात जातो, नेहमीच्या डॉक्टरांकडची फेरी चुकते, आणि 'एवढ्या मोठ्या आजारापुढे साखरेचे काय घेऊन बसलात' असे म्हणणारे कोणीतरी भेटतेच. हे पत्रक अशा कुटुंबांसाठी आहे. मधुमेह असलेल्या रुग्णात कर्करोगाच्या उपचारांना किती यश येते, हे काही अंशी मधुमेहावर अवलंबून असते, आणि त्यातील बराचसा भाग नियंत्रणात ठेवता येण्याजोगा असतो, हे आपण जाणून घ्यावे, एवढाच या पत्रकाचा उद्देश आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मोठ्या आतड्याचा कर्करोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी आढळतो. तथापि मधुमेह इतक्या घरांत पोहोचला असल्याने दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असणे ही अपवादात्मक गोष्ट नाही.

फरक किती पडतो

मधुमेह नसलेल्या व्यक्तींच्या तुलनेत मधुमेह असलेल्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक असतो, असे अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. या आकड्याने घाबरून जाऊ नये. शंभरांतील तीस मधुमेहींना कर्करोग होतो, असा त्याचा अर्थ नाही. मुळात जो थोडा धोका प्रत्येकाला असतो, तो मधुमेहात सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो, एवढाच त्याचा अर्थ.

कर्करोग झाल्यानंतर काय होते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकेत १९८८ ते १९९२ या काळात शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी घेतलेल्या ३,७५९ रुग्णांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. पाच वर्षांनंतर मधुमेह नसलेल्या शंभर रुग्णांपैकी ६६ जण हयात होते, तर मधुमेह असलेल्या शंभरांपैकी ५७. कर्करोग पुन्हा न उद्भवलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६४ आणि ५६ टक्के होते. याच अभ्यासात केमोथेरपीच्या काळात तीव्र जुलाबांचा त्रास मधुमेहींना अधिक झाला. ती औषधे जुन्या काळातील होती, आणि मधुमेहावरील उपचारही तेव्हा आजच्याइतके विकसित नव्हते. म्हणून हे आकडे आपल्या घरातील रुग्णाचे भविष्य म्हणून वाचू नयेत. फरक खरा आहे, एवढे मात्र त्यांतून नक्की कळते.

हा फरक का पडतो, याला एकच उत्तर नाही. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, विशेषतः वजन अधिक असल्यास, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. त्यामुळे स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन स्रवते आणि रक्तातील त्याची पातळी वर्षानुवर्षे चढी राहते. इन्सुलिन आणि त्याच्याशी साधर्म्य असलेली वाढीची द्रव्ये पेशींना वाढण्याचा संदेश देतात. आतड्याच्या अस्तरातील बिघडलेल्या पेशींनाही तो संदेश मिळतो. परंतु मधुमेही रुग्णांचे सर्वच मृत्यू कर्करोगाने होत नाहीत. हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार आणि जंतुसंसर्ग यांचाही त्यांत मोठा वाटा असतो. शिवाय मूत्रपिंड किंवा नसा आधीच दुबळ्या असल्यास केमोथेरपीची मात्रा कमी करावी लागते किंवा ती मध्येच थांबवावी लागते. आणि काही रुग्णांत निदानच उशिरा होते. या कारणांपैकी इन्सुलिनच्या जुन्या चढ्या पातळीवर आता फारसा इलाज नाही, उरलेल्यांवर मात्र आहे.

जेव्हा मधुमेहच लक्षणे झाकतो

निदान उशिरा होण्याचे कारण पुष्कळदा घरातच सापडते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची लक्षणे आणि मधुमेहाच्या नेहमीच्या तक्रारी एकमेकींसारख्या दिसतात. वजन उतरले, तर साखर वाढली असेल असे आपण समजतो. बद्धकोष्ठता झाली, तर दीर्घकाळच्या मधुमेहात आतड्यांच्या नसा मंदावतात, हे आपण ऐकलेले असते आणि ते खरेही असते. पोट सैल झाले, तर दोष मेटफॉर्मिनला जातो. थकवा तर मधुमेहात येतोच. शौचातून रक्त गेले, तर 'मूळव्याध असेल' असे म्हणून विषय संपवला जातो.

यांपैकी प्रत्येक समजूत एखाद्या वेळी बरोबर असू शकते. परंतु मेटफॉर्मिनमुळे होणारा पोटाचा त्रास बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतो. जे औषध आठ वर्षे विनातक्रार चालले, त्याने आज अचानक शौचाची सवय बदलली असे मानणे धोक्याचे आहे. शौचाची सवय तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ बदललेली राहिली, शौचात रक्त दिसले, साखर आटोक्यात असूनही वजन घटू लागले, किंवा रक्त तपासणीत लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय आढळला, तर डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे : 'हे मधुमेहामुळेच आहे, की आतड्याची तपासणी करावी लागेल?' पुरुषांत, तसेच मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोहाची कमतरता आढळली, तर केवळ लोहाच्या गोळ्या देऊन थांबू नये. रक्त कोठून जात आहे, हे शोधावेच लागते.

येथे आणखी एक बारकावा आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी रक्तातील लाल पेशींवर अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेत हा आकडा प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकतो. नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवले असेल, तर तो कमी दिसू शकतो. आतड्याच्या कर्करोगात या दोन्ही गोष्टी घडत असल्याने, या काळात केवळ एचबीए१सीवर भिस्त न ठेवता घरी ग्लुकोमीटरवर घेतलेल्या नोंदीही डॉक्टरांना दाखवाव्यात.

तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आयुष्मान आरोग्य मंदिरांत साखर, रक्तदाब, तसेच मुखाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी होते. मोठ्या आतड्याचा कर्करोग या तपासणीत येत नाही. त्यामुळे 'आमची सगळी तपासणी झाली आहे' या समाधानात वरील लक्षणांकडे दुर्लक्ष होऊ नये.

मेटफॉर्मिन, इन्सुलिन आणि ऐकीव गोष्टी

मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये कर्करोगानंतरचे आयुर्मान अधिक असते, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांतून दिसून आले. ही बातमी मोबाइलवरून घरोघर पोहोचते, आणि मधुमेह नसलेले रुग्णही 'आम्हालाही ती गोळी द्या' असे म्हणू लागतात. यातील खरे किती, ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

जपानमध्ये मधुमेह नसलेल्या १५१ व्यक्तींवर एक काटेकोर चाचणी झाली. आतड्यातील पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवणाऱ्या लहान गाठी, काढल्यानंतर त्यांपैकी काहींना वर्षभर दररोज २५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन आणि इतरांना औषध नसलेली गोळी देण्यात आली. वर्षाअखेर पॉलिप पुन्हा आढळण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के, तर दुसऱ्या गटात ५७ टक्के होते. निष्कर्ष उत्साहवर्धक होता. पण पॉलिप म्हणजे कर्करोग नव्हे, आणि एक वर्ष हा अल्प काळ आहे. उलट, स्तनाचा कर्करोग झालेल्या, मधुमेह नसलेल्या सुमारे ३,६०० रुग्णांवरील मोठ्या चाचणीत मेटफॉर्मिनचा कर्करोग रोखण्यासाठी उपयोग झाला नाही, हे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. निरीक्षणात्मक अभ्यासांत एक अंगभूत चूकही होऊ शकते. 'पाच वर्षे मेटफॉर्मिन घेतले' अशी ज्याची नोंद होते, तो रुग्ण ती पाच वर्षे जगलेला असतोच. औषधामुळे तो जगला, की जगल्यामुळे औषध घेऊ शकला, हे अशा नोंदींवरून ठरवता येत नाही.

तात्पर्य, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे उत्तम औषध आहे. मधुमेहासाठी ते दिले असेल, तर डॉक्टर थांबवण्यास सांगेपर्यंत ते चालू ठेवावे. कर्करोगावरील औषध म्हणून ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

इन्सुलिनबाबतची भीती याहून अधिक हानिकारक आहे. शरीरातील इन्सुलिनची चढी पातळी पेशींच्या वाढीला चालना देते, हे वर आलेच आहे. त्यावरून 'मग इन्सुलिनच्या सुया घेतल्याने कर्करोग वाढेल' असा तर्क काही जण करतात. हा तर्क प्रत्यक्ष चाचणीत टिकला नाही. १२,५३७ व्यक्तींच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दीर्घकाळ परिणाम करणारे ग्लार्जिन इन्सुलिन घेणाऱ्यांत सहा वर्षांहून अधिक काळात कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. शस्त्रक्रियेच्या किंवा केमोथेरपीच्या काळात साखर वाढते, तेव्हा इन्सुलिन हाच पुष्कळदा सर्वांत सुरक्षित व तत्काळ नियंत्रण देणारा उपाय असतो. 'एकदा सुरू झाले की सुटत नाही' हेही सरसकट खरे नाही. उपचारकाळापुरते दिलेले इन्सुलिन अनेक रुग्णांत पुढे बंद करून गोळ्यांवर येता येते.

मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतलेल्यांच्या शरीरात बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात. केमोथेरपीतील एका औषधाचाही नेमका हाच दुष्परिणाम आहे. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वी बी१२ची पातळी तपासून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

तपासणी आणि शस्त्रक्रिया

कोलोनोस्कोपीत दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहिले जाते. त्यासाठी आतडे पूर्ण रिकामे असावे लागते. मधुमेहींमध्ये आतड्याची हालचाल मंद असल्यास ते नेहमीच्या तयारीने नीट स्वच्छ होत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणून बद्धकोष्ठता असल्यास आधीच सांगावे. वेळ शक्यतो सकाळची पहिली मागून घ्यावी. आदल्या दिवशी केवळ पातळ, पारदर्शक पदार्थ घ्यायचे असतात आणि औषधांची मात्रा तीच राहिली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांची त्या दिवसाची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. त्या दिवशी साखर घातलेले, गाळलेले लिंबूपाणी किंवा नारळपाणी मधुमेहींनीही घ्यायचे असते. येथे पथ्य आडवे येऊ देऊ नये. दूध व ताक चालत नाही. कोकम सरबतासारखे लाल पेय टाळावे, कारण आतड्यात त्याचा रंग रक्तासारखा भासतो.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही औषधे आता पुष्कळ रुग्ण घेतात. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. ही औषधे चालू असताना रुग्ण दीर्घकाळ उपाशी राहिला, तर रक्तात आम्ल साठण्याची गंभीर स्थिती उद्भवू शकते, आणि तीही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. त्यामुळे नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ती थांबवली जातात. गोळीच्या पाकिटावरील छापील नाव आणि आतील औषध यांचा मेळ घरी लागतोच असे नाही. तेव्हा सर्व पाकिटे एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांपुढे ठेवावीत. हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

पेट स्कॅन ठरला असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्या तपासणीत शरीरात साखरेसारखे द्रव्य सोडून ते कोठे साठते ते पाहतात. रक्तातील साखर २०० मिलिग्रॅमच्या वर असल्यास चित्र बिघडते आणि तपासणी बहुधा पुढे ढकलली जाते. मेटफॉर्मिनमुळे तर निरोगी आतडेही त्या चित्रात उजळून दिसते व गाठ त्यात लपू शकते. यासाठी ते औषध काही काळ थांबवावयाचे का, हे तपासणी केंद्राला आधी विचारावे. सी.टी. स्कॅनमध्ये शिरेतून रंगद्रव्य देतात, त्यापूर्वी मूत्रपिंडाची तपासणी झालेली असावी.

शस्त्रक्रियेत आतड्याचा रोगग्रस्त भाग काढून उरलेली दोन टोके जोडली जातात. ही जोडणी भरून येणे, हा साऱ्या उपचाराचा कणा आहे. साखर अनियंत्रित असल्यास जखमेत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते, आणि जोडणी पाझरली, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. तसे न झाले तरी केमोथेरपी लांबते. रुग्णालयात साखर साधारणतः १४० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न केला जातो. त्याहून फार खाली उतरवण्याचा अट्टहास केल्यास साखर एकदम कमी होण्याचा धोका असतो. दुसरीकडे, 'साखर पूर्ण उतरल्याशिवाय ऑपरेशन नको' म्हणून घरच्यांनीच दोन-दोन महिने लांबणीवर टाकणेही योग्य नाही. कर्करोगाची शस्त्रक्रिया किती दिवस थांबू शकते, हे शल्यचिकित्सकांनी ठरवावयाचे आहे. मिळालेल्या एक-दोन आठवड्यांत इन्सुलिनच्या साहाय्याने साखर पुष्कळ सुधारता येते.

काही रुग्णांत शौचमार्ग तात्पुरता पोटावर काढावा लागतो. तो लहान आतड्याचा असल्यास शरीरातील पाणी वेगाने कमी होते. पिशवी नेहमीपेक्षा अधिक वेळा भरू लागली, तर मेटफॉर्मिन आणि वर उल्लेखिलेली लघवीवाटे साखर टाकणारी औषधे घेण्यापूर्वी त्याच दिवशी डॉक्टरांना दूरध्वनी करावा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या न विरघळताच पिशवीत आल्याचेही आढळते. तसे दिसल्यास सांगावे, गोळीचा प्रकार बदलता येतो.

केमोथेरपीच्या काळात

ग्लुकोजची बाटली पाहून मधुमेही रुग्णाचे नातेवाईक परिचारिकेला थांबवतात, हा प्रसंग केमोथेरपी कक्षात वरचेवर घडतो. त्यांची काळजी स्वाभाविक आहे. पण ऑक्झॅलीप्लॅटिन हे औषध मिठाच्या सलाइनमध्ये मिसळता येत नाही, ते त्यात बिघडते. ते ५ टक्के ग्लुकोजच्या द्रावणातच द्यावे लागते. अशा २५० मिलिलिटर द्रावणात सुमारे साडेबारा ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण अडीच चमचे. तेवढ्यासाठी औषध नाकारू नये.

साखर खरोखर वाढवते ते दुसरेच औषध. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोथेरपीपूर्वी डेक्सामेथासोन नावाचे स्टिरॉइड दिले जाते आणि त्याच्या गोळ्या पुढे दोन-तीन दिवस घरीही घ्यावयास सांगतात. त्याने साखर वाढते ती मुख्यतः दुपारनंतर आणि संध्याकाळी. सकाळी उपाशीपोटीचा आकडा चांगला दिसतो आणि सर्व आलबेल आहे असे वाटते. म्हणून त्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणापूर्वी साखर अवश्य मोजावी व वहीत मांडावी. स्टिरॉइडच्या दिवसांसाठी इन्सुलिनची किंवा गोळ्यांची मात्रा वेगळी असू शकते. ती आधीच लिहून घ्यावी. स्टिरॉइड संपल्यावर साखर उतरते आणि त्याच वेळी मळमळीमुळे जेवणही कमी होते. अशा वेळी वाढवलेली मात्रा तशीच चालू राहिल्यास साखर खूप खाली जाते. चढ आणि उतार, दोन्हींकडे लक्ष हवे.

घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे चालू असतील, तर साधी साखर रक्तात लवकर उतरत नाही. अशा रुग्णाच्या घरी ग्लुकोज पावडर असलीच पाहिजे. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे. उलट साखर वारंवार ३०० मिलिग्रॅमच्या वर जात असेल, फार तहान लागत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा.

केमोथेरपी चालू असताना ताप १०० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेला, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, आणि मधुमेहात जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो.

ऑक्झॅलीप्लॅटिनमुळे बोटांना मुंग्या येतात, थंड वस्तूचा स्पर्श सहन होत नाही. औषधाची एकूण मात्रा वाढत जाते, तसा बधिरपणा टिकून राहू लागतो. मधुमेहामुळे ज्यांचे तळवे आधीच बधिर आहेत, त्यांनी ते पहिल्याच भेटीत सांगावे. पूर्वी सर्वांना सहा महिने केमोथेरपी दिली जात असे. १२,८०० हून अधिक रुग्णांच्या चाचण्यांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणातून असे दिसले, की तिसऱ्या टप्प्यातील, परंतु कमी जोखमीच्या रुग्णांना विशिष्ट औषधयोजनेत तीन महिने पुरेसे होऊ शकतात, आणि नसांचा त्रास पुष्कळच कमी होतो. मधुमेही रुग्णासाठी हा फरक लाखमोलाचा आहे. 'आमच्या बाबतीत तीन महिने चालतील का?' असे विचारण्यात संकोच मुळीच नको. मात्र गोळीच्या रूपातील कॅपेसिटाबिन घेताना तळहात-तळपाय लाल होतात, सोलवटतात. त्यात पायाची संवेदना कमी असेल, तर जखम झालेली कळतही नाही. रोज झोपताना दोन्ही तळवे उजेडात पाहावेत, स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांनी पाहावेत. घरातही अनवाणी फिरू नये.

ताटात काय असावे

'साखर कर्करोगाला पोसते' या समजुतीपायी काही घरांत रुग्णाचा भात, पोळी, फळे सारेच बंद होते. शरीर उपाशी राहिले, तरी यकृत साखर तयार करतच राहते. कर्करोगाची उपासमार अशा पथ्याने होत नाही, रुग्णाची मात्र होते. उपचारकाळात स्नायू झिजू न देणे हे पहिले उद्दिष्ट असावे. डाळी, उसळी, अंडी, दही, पनीर, मासे, जे पचेल आणि ज्याची सवय आहे ते, थोडे थोडे आणि वेळच्या वेळी द्यावे. जुलाब लागलेले असताना कोंड्याची भाकरी आणि कच्च्या कोशिंबिरी यांचा आग्रह धरू नये. मऊ भात व पातळ वरण हे त्या दिवसांत मधुमेहींनाही चालते, औषध त्याप्रमाणे जुळवून घेता येते. शीतपेये, बाटलीतील रस व मिठाई यांची गोष्ट वेगळी आहे. गोड पेये वारंवार घेणाऱ्या रुग्णांत आतड्याचा कर्करोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे, आणि मधुमेहासाठी तर ती वर्ज्यच आहेत.

कारल्याचा रस, निरनिराळे काढे, 'साखर मुळापासून घालवणारी' चूर्णे यांविषयी कोणी सांगितल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये. त्यांतील काहींमुळे साखर अनपेक्षितपणे उतरते, काहींचा यकृतावर भार पडतो, आणि मग केमोथेरपी पुढे ढकलावी लागते.

उपचार संपल्यानंतर

शेवटची केमोथेरपी झाली की सुटकेचा निःश्वास टाकला जातो, आणि तो टाकावाच. परंतु मधुमेहाच्या दृष्टीने खरी संधी येथूनच सुरू होते. कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांसह काही देशांतील ८८९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. केमोथेरपीनंतर तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम करणाऱ्यांपैकी ८० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर कर्करोगमुक्त स्थितीत हयात होते. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांत हे प्रमाण ७४ टक्के होते. झपझप चालणे हा त्यातील बहुतेकांचा व्यायाम होता. चालण्याने साखर आटोक्यात येते हे आपण आजवर ऐकत आलो आहोत. आता त्याच पावलांना दुसरेही कारण मिळाले आहे. सुरुवात दहा मिनिटांपासून करावी, पायांत बंद व मऊ पादत्राणे असावीत, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेखाली पात्र कुटुंबांना रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, व त्यात कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीचा समावेश आहे. रोजच्या मधुमेहाच्या गोळ्यांसाठी शासकीय रुग्णालयातील असंसर्गजन्य आजारांचे क्लिनिक किंवा जवळचे जन औषधी केंद्र गाठावे. खर्चामुळे एकाच आजाराची औषधे घेता येतील अशी वेळ आली, तर मधुमेहाची गुपचूप बंद करू नयेत. तसे डॉक्टरांना सांगावे. स्वस्त पर्याय बहुधा असतोच.

पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी, ठरवून दिल्याप्रमाणे सी.टी. स्कॅन आणि शस्त्रक्रियेनंतर साधारण एका वर्षाने कोलोनोस्कोपी, असा पाठपुरावा असतो. प्रत्येक भेटीला साखरेची वही आणि दोन्ही डॉक्टरांचे कागद एकाच फाइलमध्ये न्यावेत. रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांनाही हा आजार होण्याचा धोका सर्वसाधारण व्यक्तीपेक्षा अधिक असतो. त्यांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा रुग्णाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल त्या वेळी कोलोनोस्कोपीविषयी डॉक्टरांशी बोलावे, आणि त्याच भेटीत स्वतःची साखरही तपासून घ्यावी.